मास्तरांचा डावा हात

मला एका जागी उभं राहता येत नाही. बाबा म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे. अजूनही बसस्टॉपवर पाच मिनिटांत तीनदा वेळापत्रक वाचते, किटलीतलं पाणी उकळेपर्यंत ओट्यावरचे सगळे डबे हलवून परत जागेवर ठेवते, आणि कुणी सावकाश बोलायला लागलं की त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकते. अशा बाईनं दर शनिवारी सकाळी कॉव्हेंट्रीतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये अर्धा अर्धा तास नुसतं उभं राहायला जावं, हे माझ्या नवऱ्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

दोन हजारच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. नवरा कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि माझी नोकरी ब्रॅकनेलला, सॉफ्टवेअर तपासायची. सोमवारी पहाटे ट्रेन, आठवडाभर एका भाड्याच्या खोलीत, शुक्रवारी संध्याकाळी परत. मध्येच व्हिसाची मुदत संपत आली की क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसची खेप. तिथे सगळा दिवस हातात नंबर धरून बसायचं. डोक्यात सतत पुढची गाडी. झोप उडाली तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, काहीतरी हळू करा, योगा वगैरे. योगाचा मला राग होता, कारण ऑफिसातला जो तो मला योगाबद्दलच विचारायचा. मग लायब्ररीच्या बोर्डावर योगाच्या खाली लावलेली चिठ्ठी मी वाचली. हातानं लिहिलेली होती: चायनीज मार्शल आर्ट, ओल्ड स्टाइल, सॅटर्डे टेन ओ'क्लॉक, नो शूज.

उड्या, लाथा, आरडाओरडा असेल असं मला वाटलं होतं. हॉलमध्ये बॅडमिंटनच्या रेषांवर आठ माणसं मोजे घालून मुकाट्यानं उभी होती, गुडघे जरासे वाकवून, हात छातीसमोर गोल धरून. त्यांच्यामधून सत्तरीचा एक ठेंगणा चिनी माणूस फिरत होता. अंगात तपकिरी कार्डिगन, हातात स्वयंपाकघरातली लांब चॉपस्टिक. मनगटापासून कोपरापर्यंत तेल उडून भाजल्याचे जुने डाग. कुणाचा खांदा वर गेला की तो चॉपस्टिकनं तिथे टिचकी मारायचा, बोलायचा नाही. माझ्याजवळ आल्यावर त्यानं चॉपस्टिक माझ्या पावलांकडे केली. मी एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकत होते.

"अँट्स?" त्यानं विचारलं.

मुंग्या. त्या दिवसापासून माझं नाव तेच पडलं.

सगळे त्यांना सीफू म्हणायचे. सीफू म्हणजे गुरू, असं मला शेजारच्या माणसानं सांगितलं, आणि तो शब्द माझ्या तोंडात अडकला. आमच्या घरी गुरू नव्हते. अंबरनाथच्या आमच्या खोलीत भिंतीवर दोन फोटो होते, एक बुद्धांचा आणि एक निळ्या कोटातल्या, हातात पुस्तक धरलेल्या माणसाचा. ते कोण, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. बाबा शाळामास्तर. रविवारी फोनकार्डाचे आकडे दाबून मी त्यांना फोन करायचे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "सीफू म्हण तोंडानं, पण मनात मास्तर म्हण. मास्तर शिकवतो आणि घरी जातो." म्हणून माझ्यापुरते ते मास्तरच राहिले, आणि इथेही मी तेच म्हणणार.

मास्तरांची हकिगत त्यांच्या मुलीनं थोडी थोडी सांगितली. ती माझ्याच वयाची, इथेच जन्मलेली, चष्म्याच्या दुकानात काम करायची. शनिवारी हॉल उघडायची आणि थर्मासमधून सगळ्यांना चहा द्यायची. दक्षिण चीनमधलं कुठलंसं खेडं. चौदाव्या वर्षी मास्तर एका म्हाताऱ्याच्या दारात शिकायला जाऊन बसले. पुढे हाँगकाँग, तिथून बोटीनं इंग्लंड, आणि मग तीस-पस्तीस वर्षं टेकअवेच्या, म्हणजे जेवण बांधून देणाऱ्या दुकानाच्या, भट्टीपुढे. दुपारचं गिऱ्हाईक संपून संध्याकाळचं सुरू होईपर्यंत दोन तास मोकळे मिळायचे. त्या वेळात मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांच्या मधल्या जागेत, ते बाकीच्या आचाऱ्यांना शिकवायचे. कुणाचं बोट निखळलं, मनगट मुरगळलं, तर तेही तेच बसवायचे. आचारी पांगले, काहींची कंबर गेली, काही परत गेले. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी हॉल भाड्यानं घेतला आणि येईल त्याला शिकवायला लागले. परक्यांना शिकवतो म्हणून जुन्या मित्रांनी बोलणं टाकलं, तरी ते शिकवत राहिले.

"तू नाही शिकलीस?" मी तिला विचारलं.

"मला त्या भट्टीचा वास नको होता," ती म्हणाली. "आणि हे सगळं मला त्याच वासाचं वाटायचं."

त्यांच्या विद्येचे चार भाग होते. हाता-पायांच्या हालचालींची एक लांब माळ, चार तुकड्यांत. पहिले तीन सगळ्यांसाठी. चौथा फक्त त्याला, जो रीतसर शिष्य होईल. दोन आचाऱ्यांना त्यांनी तो दिला होता. एक वारला होता, दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

माझे तीन भाग तीन वर्षांत झाले. कसे झाले कुणास ठाऊक. उभं राहणं मला शेवटपर्यंत जमलं नाही, पण हालचाल माझ्या अंगात भराभर शिरायची. ब्रॅकनेलच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनपुढेही माझे हात चालायचे, आणि मॅनेजर मागे उभा राहून खाकरायचा. मला चौथा भाग हवा होता. हवा म्हणजे इतका हवा की मी मास्तरांच्या हातांकडे टक लावून बसायचे, एखादा तुकडा नकळत सांडेल म्हणून.

मग एका शनिवारी सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. "अँट्स. यू ब्रिंग टी. देन नंबर फोर."

मला इतका आनंद झाला की मी थर्मासकडेच धावले. मुलगी हसली. म्हणाली, असा नाही. दोन्ही गुडघे टेकायचे, मान खाली घालायची, कप दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरायचा. ते पितील. मग तू त्यांची शिष्य.

माझ्या हातातला कप तिथेच राहिला.

हे नीट सांगायला हवं. माझे पणजोबा रोज सकाळी पाटलाच्या वाड्याच्या दारापुढे, आवाराबाहेर उभे राहून, जमिनीपर्यंत वाकून जोहार घालायचे. पाऊस असो, ताप असो. वाकल्यावर काम मिळायचं, काम केल्यावर शिळी भाकरी मिळायची. बाबांनी हे मला गोष्ट म्हणून कधीच सांगितलं नाही, हिशेब मांडावा तसं सांगितलं. ते म्हणायचे, "आपल्या घराण्यातलं वाकायचं काम संपलंय. तुझ्या वाटणीचं तुझ्या पणज्यानं आधीच वाकून ठेवलंय." जुना विद्यार्थी पायाशी वाकला की ते झटकन मागे सरायचे, त्याला कोपरांना धरून उभं करायचे आणि हात हातात घ्यायचे. एकदा मी डिवचलं, "आणि विहारात वाकता ते?" म्हणाले, "ते मी आपल्या मनानं वाकतो. आणि बुद्ध मला त्याबद्दल काही देत नाही." वाकण्याच्या बदल्यात काही मिळत असेल तर वाकायचं नाही, असा त्याचा अर्थ मी घेतला आणि घेऊन इंग्लंडला आले.

हे सगळं त्या हॉलमध्ये माझ्या डोक्यात आलं. मास्तर माझ्याकडे बघत होते. तोवर मला इथे येऊन पाच वर्षं झाली होती, आणि इथल्या लोकांकडून मी एक गोष्ट पक्की शिकले होते: नको असेल ते दुखवल्याशिवाय कसं टाळायचं.

"सॉरी, सीफू. आय कान्ट."

"नी?" त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बोट केलं.

आणि मी म्हणाले, "येस. नी."

इतकं सोपं झालं. मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या शनिवारी मास्तर कार्डिगनच्या खिशात एक बाटली घेऊन आले. आत काळपट अर्क, वास असा की हॉलच्या दारापर्यंत जावा. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, आणि मला कळायच्या आत स्वतः माझ्यापुढे जमिनीवर दोन्ही गुडघे टेकून बसले. पँट वर करायला सांगून तळहातावर अर्क ओतला आणि माझा धडधाकट गुडघा चोळायला लागले. मी ताडकन उठले. त्यांनी चॉपस्टिकनं खुर्चीवर टिचकी मारली. मी बसले.

हे वर्षभर चाललं. वर्षभर! दर शनिवारी तो म्हातारा माणूस माझ्यापुढे गुडघे टेकायचा, आणि मी छताकडे बघायचे. "पेन?" ते विचारायचे. "लिटल," मी म्हणायचे. मी "बरं आहे आता" म्हणाले असते तर ते चहा मागणार होते. "काहीच फरक नाही" म्हणाले असते तर त्यांचा चेहरा पडणार होता. म्हणून लिटल. आठवडाभर चोळायला त्यांनी दिलेली बाटली मी ब्रॅकनेलच्या खोलीत न चुकता घेऊन जायचे आणि न उघडता परत आणायचे. एकदा माझा संताप संताप झाला, स्वतःवर की त्यांच्यावर ते सांगता येत नाही, आणि अर्धी बाटली मी बेसिनमध्ये ओतली, म्हणजे वापरल्यासारखी दिसेल.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, इट्स ओन्ली अ फॉर्मॅलिटी. पाच सेकंद टेक आणि ऊठ. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"मग त्यांना खरं कारण सांग."

"त्यांना काय कळणार आहे पणजोबा आणि पाटील?"

"तू कशी ठरवतेस?" असं म्हणून तो भांडी घासायला गेला. मी बाबांना मात्र फोनवर विजयानं सांगितलं होतं की मी वाकले नाही. गुडघ्याचं सांगितलं नव्हतं.

मग मुलगी एक दिवस म्हणाली, "तुझ्या गुडघ्यानं डॅडची झोप घालवलीय. हाँगकाँगला पत्र पाठवून कुठलं तरी मूळ मागवलंय. म्हणतात, माझं औषध चुकतंय, वयानं हात गेला माझा." मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. चहा गार होतोय असं काहीतरी म्हणून मी बसकडे पळाले.

त्याच थंडीत मास्तरांना स्ट्रोक आला. डावं अंग गेलं. हॉल बंद झाला. हॉस्पिटलमधून ते घरी आले तेव्हा मी भेटायला गेले. समोरच्या खोलीत खिडकीशी बुटक्या खुर्चीत बसलेले, मांडीवर ब्लँकेट, ब्लँकेटवर डावा हात ठेवून दिलेला. बोलणं जड झालं होतं. मुलगी म्हणाली, जरा त्यांना चहा देतेस का, मी औषधं काढते. घशात अडकू नये म्हणून पावडर घालून दाट केलेला चहा, खिरीसारखा. खुर्ची बुटकी होती. मी पटकन खाली बसले, गुडघे जमिनीवर, एक हात त्यांच्या हनुवटीखाली, आणि कप ओठांना लावला. आजारी माणसाला भरवायला कुणीही बसेल तशी बसले होते. त्यांनी दोन घोट घेतले. मग त्यांची नजर खाली गेली आणि अर्धा चेहरा उजळला.

"नी," ते म्हणाले. "गुड."

आणि पुढे त्यांच्या भाषेत काहीतरी. मुलगी औषधाची पट्टी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "ते म्हणतायत, औषध लागू पडलं. ते म्हणतायत, चहा मिळाला. आता तू त्यांची शिष्य आहेस."

मी गप्प राहिले असते, तर चौथा भाग माझा होता. गप्प राहायचं होतं फक्त. वर्षभर गप्प राहिले होते, अजून पाच मिनिटं जड नव्हती. पण त्यांच्या त्या अर्ध्या हसण्याकडे बघवेना. मी उठून उभी राहिले.

"त्यांना सांग, माझ्या गुडघ्याला कधीच काही झालेलं नव्हतं. मी खोटं बोलले."

ती सांगायला तयार होईना. मी दोनदा म्हटलं. तिनं सांगितलं. मला वाटलं, मास्तर आता हाकलतील. मग त्यांनी उजवा हात वर केला.

"मेडिसिन ओके?"

"येस," मी म्हणाले. "मेडिसिन ओके."

त्यांनी सुस्कारा सोडला. माझं खोटं जणू त्यांना ऐकूच आलं नव्हतं; औषध चुकलं नव्हतं एवढंच त्यांनी घेतलं. मला रडू फुटलं, आणि रडत रडतच मी बाकीचं सगळं सांगितलं. पणजोबा, दाराबाहेरची जागा, रोजची सकाळ, शिळी भाकरी, बाबा. वेड्यासारखी भरभर बोलत होते, मुलगी मागून धावत असल्यासारखी सांगत होती. मधेच ती थांबली, "पाटील"ला काय म्हणायचं म्हणून. मी म्हटलं, ज्याची जमीन असते तो. मास्तरांनी लगेच मान हलवली. ते त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

मग ते सावकाश बोलले. मी कुणाचं वाक्य पुरं केलं नाही तो तेवढाच एक दिवस.

"ते म्हणतायत," मुलगी म्हणाली आणि तिचा आवाज बदलला, "त्यांनाही गुडघे टेकायचे नव्हते. चौदा वर्षांचे होते. भूक होती. त्या म्हाताऱ्याच्या घरी भात होता." तिनं हातातली औषधाची पट्टी खाली ठेवली. "हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही."

मास्तरांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. "अँट्स. यू स्टँड. टी."

मी उभ्यानं चहा दिला. उभ्यानं, हात लांब करून, त्या बुटक्या खुर्चीतल्या माणसाला कप नीट पोचत नव्हता. निम्मा चहा कार्डिगनवर सांडला. जो पोचला तो त्यांनी प्यायला आणि मान डोलावली. मुलीनं कार्डिगन पुसलं. असं माझं शिष्य होणं झालं.

त्या शनिवारपासून त्यांनी मला चौथा भाग शिकवला, खुर्चीतून, उजव्या हातानं. पावलं कुठे ते चॉपस्टिकनं गालिच्यावर दाखवायचे. खोली लहान होती. वळताना माझा पाय टीव्हीला लागायचा. उजवा हात त्यांनी मला बोटांच्या टोकापर्यंत दिला. डाव्याचं विचारलं की ते ब्लँकेटवरच्या हाताकडे बघायचे. एकदा कपाळाला घाम येईपर्यंत त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला. दोन बोटं हलली. सांगून बघितलं, पण शब्द जड आणि हाताच्या जागा शब्दांत न मावणाऱ्या. मुलीला त्यातलं काही कळत नव्हतं. "लेटर," ते म्हणायचे. "लेटर."

वसंतात दुसरा स्ट्रोक आला आणि ते गेले. मुलीनं मला चॉपस्टिक दिली, आणि अर्काची एक भरलेली बाटली, हाँगकाँगच्या मुळाची.

त्या रविवारी मी बाबांना सगळं सांगितलं, गुडघ्यासकट.

"वाकली नाहीस, ते बरोबर," बाबा म्हणाले. "पण खरं बोलायला काय झालं होतं तुला? न वाकणं कशासाठी शिकवलं मी? ताठ मानेनं खरं बोलता यावं म्हणूनच ना?"

मग त्यांनी मास्तरासारखं विचारलं, "आणि डावा हात काय करतो?"

हॉल आता मी उघडते. ब्रॅकनेल सुटलं, क्रॉयडन सुटलं, पायाची भिंगरी आहे तशीच आहे. चौथा भाग मी विचारील त्याला शिकवते, चहाशिवाय. सगळेजण उजव्या हातानं वार करतात, वळतात, अडवतात, आणि डावा हात पोटाशी, मांडीवर ठेवल्यासारखा धरतात, कारण मी तसा धरते. कुणीतरी दर वेळी विचारतंच, या डाव्या हाताचा अर्थ काय. नव्या लोकांना वाटतं काहीतरी गूढ असेल. मी त्यांना खरं सांगते. डावा हात कुठे जातो ते मला माहीत नाही. मास्तरांचे दोन्ही हात चालत होते ते शेवटचं वर्ष मी धडधाकट गुडघ्याला औषध चोळून घेण्यात घालवलं.